पाय थांबेनात

ताई: …दहा, अकरा, बारा. बारा गोळ्या उरल्यात. उरायला हव्या होत्या पाच.

धाकटा: दवाखान्यात काय मोजत बसलीस? लोक बघतायत.

ताई: लोक तुलाच बघतायत. मघापासून घिरट्या घालतोयस. बस ना जरा.

धाकटा: बसवत नाही गं. दुकानातही तेच. मशीनवर बसलो की पाय पेडल सोडून पळतो नाहीतर दाबतच सुटतो. काल एका शर्टाची बाही खिशालाच शिवली.

ताई: मग त्या माणसानं हात कुठे घालायचा?

धाकटा: हसू नकोस. मालक म्हणाला, महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर दुसरा शिंपी.

ताई: आणि तू वर गोळ्या चुकवतोस! दोन वर्षांपूर्वीसारखे आवाज पुन्हा ऐकू यायला लागले म्हणजे?

धाकटा: आवाज नाहीत. गोळी चुकवली की पाय जरा गप्प बसतात, म्हणून सात घेतल्या नाहीत.

ताई: अरे, मग हे डॉक्टरांना सांगायचं की!

धाकटा: मी तोंड उघडायच्या आत तूच बोलतेस. मागच्या वेळी म्हणालीस, “फार अस्वस्थ असतो.” झालं, त्यांनी जास्त पॉवरची गोळी दिली.

ताई: मला वाटलं, दुखणं उलटतंय.

धाकटा: मलाही आधी तसंच वाटलं.

ताई: बरं. समज, मी डॉक्टर. काय म्हणताय, कसं आहे?

धाकटा: छान आहे.

ताई: डोंबलाचं छान!

धाकटा: सवय गं. त्यांनी मान वर केली की माझी जीभ टाळ्यालाच चिकटते.

ताई: एवढंच विचार, हे दुखण्यामुळे की गोळीमुळे? चल, आपला नंबर आला.

डॉक्टर: या, बसा.

धाकटा: उभाच बरा आहे, मॅडम.

डॉक्टर: बरं. कसं चाललंय?

ताई: अहो, हा ना…

धाकटा: ताई, थांब. छा… नाही. छान नाही, मॅडम. पाय थांबत नाहीत. हे दुखण्यामुळे की गोळीमुळे, ते विचारायचंय.

डॉक्टर: पाय असे पळतात तेव्हा मनात काय असतं? भीती? आवाज?

धाकटा: मन म्हणतं, बस की बाबा आता. पायच ऐकत नाहीत.

डॉक्टर: पॉवर वाढवल्यावर हे वाढलं?

धाकटा: हो. आणि… सात गोळ्या मी घेतल्याच नाहीत.

डॉक्टर: सांगितलंत ते बरं केलंत. मग हे बहुतेक गोळीचंच आहे. आधीच्या पॉवरवर परत जाऊ, पायांसाठी वेगळं औषध देते. पण आपल्या मनानं गोळी सोडायची नाही, दुखणं खरंच उलटेल. काही वाटलं तर मला फोन करायचा. ताईंनी नाही, तुम्ही.

ताई: मी गप्पच आहे.

(तीन आठवड्यांनी, फोनवर.)

ताई: गोळी घेतलीस?

धाकटा: घेतली. रोज घेतो.

ताई: आणि मशीनवर बसवतं का?

धाकटा: आज एक अख्खा शर्ट. कॉलरसकट. एका बैठकीत.