बाबांचा ट्रम्पेट

आमच्या बाबांचं सांगतो तुम्हाले. जन्मभर लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवला त्यांनी. यंदा जबड्यातली गाठ काढली, तर डॉक्टरांनी फुंकाले मनाईच केली. टाके निघाले, परवानगी मिळाली, तसे बाबा गुढियारी मोहल्ल्यातल्या आमच्या गच्चीवर ट्रम्पेट घेऊन गेले. फुंकलं, तर नुसती फुसफुस. ओठ अर्धे बधिर, हवा बाजूनंच निसटायची. रोज तेच. शेवटी एका संध्याकाळी मले म्हणाले, "हा विकून टाक आता."

आईनं ऐकलं. वर आली आणि त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसली.

"काहून आली तू?"

"ऐकाले."

"फक्त हवा निघून राहिली यातून."

"मग इकडे तोंड करून फुंका. गर्मी किती होऊन राहिली!"

बाबा इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. हसता हसताच पुन्हा फुंकलं आणि एक सूर निघाला. बारीक, थरथरता, पण सूर.

बाजूच्या गच्चीवरून साहू भैया ओरडले, "काकाजी, वापस आ गए क्या?"

बाबांनी ट्रम्पेट पुन्हा ओठांले लावला होता. आईनंच पदरानं डोळे पुसत सांगितलं, "हव भैया, आ गए."