पिशवीवर आधी नाव कोणाचं

महाड-पोलादपूरनं मिळून काहीतरी करावं म्हणताय ना, मग आमचं काय झालं ते ऐका. दोन्ही तालुक्यांतल्या काही जणांनी ठरवलं, डोंगरातला तांदूळ एकाच नावाच्या पिशवीत भरून मुंबईला विकायचा. मी महाडकडून होतो. पिशवीवर आधी नाव कोणाचं, यातच तीन बैठका गेल्या. शेवटी तोडगा निघाला. एका बाजूला 'महाड-पोलादपूर', दुसऱ्या बाजूला 'पोलादपूर-महाड'.

छापलेली पहिली पिशवी घेऊन आम्ही फोटोसाठी पोलादपूरकडच्या कापडे गावी गेलो, धोंडूबाबा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात. मी म्हणालो, "बाबा, पिशवी भरेल एवढा तुमचा तांदूळ आणा."

बाबा आत गेले ते बऱ्याच वेळानं टोपली घेऊन आले. "रेशनचा हाय. चालंल ना?"

"आणि शेतातला?"

"दोन वर्सं लावणीच केली नाय रे. पोरं मुंबईला. चिखलात उतरायला माणूस नको?"

 मग पोलादपूरचे एक जण हळूच म्हणाले, "फोटोत काय कळतंय?"

रेशनचा तांदूळ पिशवीत ओतला. आणि मी काय केलं असेल? पिशवी उचलली आणि महाड आधी असलेली बाजू कॅमेऱ्याकडे वळवली.