धवल्याची कॅसेट

नाय नाय, अजून नका घालू पिशवीत. बसा आजी, त्या स्टुलावर बसा. टेप एकदम टकाटक झालाय, त्यात वादच नाय — पट्टा नवा टाकला, हेड स्पिरिटनं पुसलं, केवढा मळ निघाला सांगू, नि गंज तो वेगळाच. तुमचं घर बंदरावर, खारं वारं दिवसभर आत येतं, त्यात सुकटीची पाटी नि टेप एकाच फळीवर — वासावरनंच कळलं मला. असं नाय करायचं. टेप कसा, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायचा, आठवड्यातनं एकदा तरी वाजवायचा, नि वापर नसंल तवा सेल काढून ठेवायचे, नायतर ते पाझरतात नि आतलं सगळं खाऊन टाकतात. हे कोण सांगत नाय तुमाला. विकणारा विकून मोकळा होतो. मी सांगतो, सगळ्या पालघरला सांगतो, लोक म्हणतात हा एकनाथ दुरुस्ती कमी नि भाषण जास्त करतो. म्हणू दे.

हिरा बांगड्या भरायला गेली ना? बरं झालं. म्हणजे — बरं झालं म्हणजे, नवरीचा चुडा हाय, सावकाश भरू दे तिला. उद्या हळद, परवा लग्न. टेप घेऊन आली तवाच मला म्हणाली, काका, काय पण करा पण हळदीच्या आत द्या. आमची आजी दातिवऱ्याची धवलारीण, गावातली सगळी लग्नं हिनंच गाऊन लावली, धवल्याचं गाणं झाल्याबिगर आमच्यात लग्न लागलं असं कोण मानत नाय. नि आता दिवाळीपासनं आजीला लकवा झालाय, तोंडातनं शब्द फुटत नाय. पण वत्सलामावशीच्या लग्नात कॅसेट भरून ठेवलीय, तीच लावणार मांडवात. म्हणाली, माझ्या लग्नात माझी आजीच गाणार. एवढंसं तोंड, पण काय फुललं होतं! मी म्हटलं, काळजी करू नको पोरी, हा एकनाथ बसलाय इथं. असं म्हटलं मी. तोंडानं म्हटलं.

आता एक सांगतो, ते नीट ऐका. ही कॅसेट. हिची ही मागची कड बघा — इथं दोन बारीक पत्र्या असतात प्लॅस्टिकच्या. दिसल्या? ह्या मोडायच्या. जपून ठेवायचं असं काय भरलं की पयलं काम हेच — पेचकस घालायचा नि टचकन मोडायची. मंग कुणी लाल बटण दाबलं तरी ते खाली जात नाय, वरनं दुसरं काय भरताच येत नाय. एवढंसं काम हो! तुमी नाय तर त्या वत्सलानं करायचं, नायतर ज्यानं भरली त्यानं. कुणीच केलं नाय. ती पत्री मोडलेली असती ना आजी, तर आज मी तुमाला चहा पाजला असता नि हसत हसत यष्टीत बसवलं असतं. म्हणजे बघा, थोडी चूक तुमच्याकडनं पण — नाय. नाय, तसं बघू नका माझ्याकडं. तुमची काय चूक? माझ्या तोंडाला काय लागलंय आज.

सोमवारी झालं. टेप जोडला, वाजवून बघितला, तर तुमचा आवाज. आईशप्पत, हातातलं काम खाली ठेवलं मी. एकदा ऐकला तो कामासाठी, मंग मागं फिरवून परत ऐकला तो असाच. आमच्याकडं उमरोळीला आता कोण गात नाय, बँड आणतात. तर वाजतो तर हाय, पण भरतो का ते पण बघायला लागतं. त्याला माझी वेगळी कॅसेट असते, नेहमीची, ती त्याच दिवशी दुसऱ्या एका टेपनं खाल्ली, सगळी फीत गुंडाळून बसली. मंग म्हटलं, आजींच्या कॅसेटची दुसरी बाजू लावू, तिकडं सिनेमाची गाणी हायेत, त्यावर चार शब्द बोललो तर काय बिघडतंय? काढली, फुंकर मारली, परत घातली, फिरवून पार सुरवातीला आणली. उलटी करून घातली असं वाटलं मला. केली नव्हती उलटी. लाल बटण नि वाजवायचं बटण दोन्ही एकदम दाबली, ह्या, ह्या बोटांनी, नि हॅलो हॅलो म्हणतोय तर बळवंत मास्तर जळका मिक्सर घेऊन दारात. आता मला ही खोड! झालं — मास्तर, भांडं गच्च भरायचं नाय, एका दमात फिरवत राहायचं नाय, जरा थांबून थांबून चालवायचा, टीव्हीवर फुलदाणी ठेवता का, ती उचला पयली — हे सगळं. टेप चालूच. कॅसेट संपली नि खटकन बटण वर आलं, तवा मला कळलं.

सगळा गेला, आजी. पुरा धवला.

काय? ऐकायचंय? नका ऐकू. बरं — लावतो, लावतो, हात नका आपटू. हं. हा मीच. हा मिक्सर. ही बाहेरची रिक्षा. तुमी कान लावून मागं कुठं तुमचा आवाज येतो का बघताय ना, मी पण असाच बघितला. दोन दिवस. काल बोईसरला जाऊन आलो, कारखान्यातला एक ओळखीचा हाय, माझ्यापेक्षा जास्त शिकलेला, तो म्हणाला, पुसलं ते पुसलं, कुणाच्या बापाला येणार नाय परत आणता. बंद करू? करतो.

दुसरी कोण गाणारी? हिरा सांगत होती, कॅसेटमधी ती सोमी गायली ना तुमच्या जोडीला? मान हलवताय. गेली? अरे देवा. हिराला येतं का थोडं? नाय. कसं येईल, कॅसेट हाय म्हणून कुणी शिकलंच नसंल. एक करू या — तुमी गा. हसू नका, गाऊन बघा, मी भरतो, कसं पण येऊ दे, मोडकं तोडकं, तुमचं हाय म्हटलं की झालं. हां, चालू केला. गा. गा ना... बास. बास आजी, बास, राहू दे, डोळे पुसा. माझं चुकलं. मी हे करायलाच नको होतं. हिराला मी सांगीन, तुमी कसं सांगणार. काय सांगू तिला?

थांबा. मी दोनदा ऐकलाय ना! थोडं हाय माझ्या डोक्यात. बापयानं गायचं नसतं, बायांचंच गाणं हे, ठाऊक हाय, पण इथं कोण बघतंय? ‘मांडवाच्या दारी कुणाची होडी लागली गो’ — बरोबर? बरोबर ना! ‘होडी लागली मामाची, मामानं काय आणिलं गो’ — हां, मान हलली तुमची! आता पुढं... मामानं आणिली साडी? नाय. नारळ? नाय? पाटली? फुलं? आजी, बोटानं दाखवा, डोळ्यांनी सांगा, मी लिहून घेतो, हे बघा, कागद हाय, पेन्सिल हाय. तुमाला येतंय हो, ओठ हलतायत तुमचे, मला दिसतंय. पुढं सांगा. मामानं काय आणलं, आजी?