उघड्या होडीचा विमा

नुसतं सुंदरा लिहा, आडनाव लिहू नका. आन् आधी सांगा, तुम्ही विम्यावाल्याच्या वळखीचे तर न्हाई ना? न्हाई म्हनता, बरं, बसा.

मी भोयाची लेक, माहेर निलंग्याकडं, दिलं हिकडं शिरूर अनंतपाळच्या बाजूला, तळ्याच्या काठाला. मालक होते तवर दोघं मिळून मासे धरायचो, ते गेले, मग एकलीच जाळं टाकून राहिले, लोक बघून राहिले, बघू द्या. त्या होडीबिगर पोटाला दुसरं काय हाय मला?

औंदा उन्हाळ्यात वादळ आलं, काय सांगू तुम्हाला, बाभळीला बांधलेली होडी उचलून खडकावर आपटली, बुडाची फळी फुटली. आता आमच्यात होडी फुटली का दिवस मावळायच्या आत तिला झाकायची, उघडी राह्यली का पानी घरातलं मानूस मागतं. दीर पळत आला, म्हनला वैनी, आधी हिला झाका, बाकीचं मागून बघू. दोघांनी फळी ठोकली, डांबर फासलं, म्या हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला.

मग विम्याचा साहेब आला, बूट चिखलात घालंना, लांबूनच म्हनला बाई, होडी तर धड हाय, नुकसान कुठंय? म्हनलं डांबराखाली हाय साहेब. हसला की मेला! विमा बसत न्हाई म्हनून कळवलं. आन् त्याच वादळात दिराचीबी होडी फुटली होती, ती तशीच पडलेली, कारन तो माझ्या होडीला डांबर लावून राहिला होता, तर त्याला विमा मिळाला. आता तुम्हीच सांगा, मला झाकायची घाई कुनी लावली? मला तवाच डावाचा वास आला.

गेले लातूरला विम्याच्या हापिसात एसटीनं, लई भांडले. तिथला साहेब म्हनला, मावशी, फुटलेलं दाखवा, दुसरा मानूस धाडतो. त्यो आला तवा म्याच पहार घेतली, हात काही उचलंना हो, ठोकलेली फळी परत उचकटायची! उचकटली. त्यानं फोटू काढले, म्हनला निकाल लागस्तोर हात लावू नका. तवापासून ती तशीच पडली हाय, मी सांजच्याला माझं लुगडं घालते तिच्यावर.

दिरानं विम्याच्या पैशात त्याची होडी नीट केली, ती रोज देतो मला. मी बुड चाचपून बघते मगच बसते. शेवटी सरळच इचारलं, भाऊजी, का देता? तर खाली बघत म्हनला वैनी, तुमची झाकता झाकता माझी उघडी राह्यली, आता तुमचीबी उघडी हाय, दोन्ही घरं पान्याच्या नजरंत हायत, एकमेकाला धरून राहू.

घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. खरं असंल त्याचं. देव त्याचं भलं करो, तुमचंबी करो. पन बुड अजून चाचपते मी.

आता काय लिहिलं ते वाचून दाखवा. आन् तो फोन खाली ठिवा, तिचा फोटू काढू नका, उघडी हाय ती.