लॉन्ड्रीचा नंबर

"हॅलो?… हो, बोर्डवरूनच. कोण, दामिनी?… हळू बोल वं. तोंडावरचा मास्क खाली कर आधी, मले काही समजून नाही राहिलं."

कौशल्याबाईंनी रिसीव्हर कानाशी दाबला. दामिनी म्हणजे बाळंतिणींच्या ऑपरेशन खोलीतली नर्स. एरवी हसतखेळत बोलणारी पोर, आज एका दमात बोलत सुटली होती.

"बाळ बरं आहे ना?… आणि आईचं रक्त थांबतच नाही?… कोण, ती कन्हानची रोशनी?… हो, हो… अगं ऐक ना, ब्लड बँकेले लाव मग… लावला? पाच वेळा?… नुसती घंटी वाजते. हं."

ती घंटी कुठं वाजत होती, हे एवढ्या मोठ्या दवाखान्यात एकट्या कौशल्याबाईंनाच ठाऊक होतं.

धंतोलीतल्या या दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डावर त्यांची सव्वीस वर्षं गेली. आज ते सगळं बदलत होतं. मुख्य इमारतीचे फोन सकाळीच नव्या यंत्रणेवर गेले होते, मागच्या इमारतीचे बारा वाजता जायचे होते. तोवर त्यांच्या टेबलावर एकीकडे नवा फोन, दुसरीकडे जुना बोर्ड, आणि या दोघांची आपसात ओळखदेख नव्हती. नव्या फोनच्या कंपनीचा श्रीधर जुना बोर्ड बंद करायच्या बटणाजवळ उभा होता. बाराला चार मिनिटं कमी होती.

महिन्याभरापूर्वी हाच श्रीधर नंबरांची यादी मागायला आला होता. यात काही बदल आहे का, असं त्यानं दोनदा विचारलं. पुढच्या महिन्यापासून बोर्डावर बाईची गरज नाही, मशीनच बोलेल, हे त्याच दिवशी कौशल्याबाईंच्या कानावर आलं होतं. त्यांनी छापील यादी पुढं सरकवली आणि म्हटलं, त्यात आहे तेच आहे.

तसं नव्हतं. ब्लड बँक दोन वर्षांपूर्वी मागच्या इमारतीत, जुन्या लॉन्ड्रीच्या खोलीत गेली आणि लॉन्ड्रीचाच फोन वापरू लागली. यादी कोणी सुधारली नाही. सुधारायची गरजही पडली नाही, कारण नर्सा शून्य दाबून म्हणायच्या, ताई, ब्लड बँक द्या, आणि ताई लॉन्ड्रीचा नंबर जोडून द्यायच्या. आता त्या यादीप्रमाणे ब्लड बँकेच्या नावाचा नवा फोन मुख्य इमारतीतल्या तिच्या जुन्या, कुलूपबंद रिकाम्या खोलीत वाजत होता.

"दामिनी, फोन ठेवू नको. मी इकडून लावते… नाही, तुह्या फोनवरून नाही लागणार तो… काहून ते मग सांगते. चिठ्ठी घेऊन कोणी गेलं का?… मावशी गेली? बरं झालं. गट कोणता?… ओ निगेटिव्ह."

डाव्या हातानं त्यांनी बोर्डावर लॉन्ड्रीचा नंबर दाबला. तिकडे ब्लड बँकेतल्या मनोहररावांनी फोन उचलला. कौशल्याबाईंनी सगळं सांगितलं. माणूस जुना आणि पक्का. ते म्हणाले, मावशी पोचली आहे, पण रक्त जुळवून पाहायला पाऊण तास लागेल. न जुळवता द्यायचं असेल तर डॉक्टरांनी स्वतः सांगितलं पाहिजे, दुसऱ्याच्या तोंडचं चालणार नाही.

"दामिनी, डॉक्टरीणबाईच्या कानाले लाव फोन… हात गुंतले आहेत तर तू धर ना वं तिच्या तोंडापाशी."

एवढं म्हणून त्यांनी नव्या फोनचा रिसीव्हर सरळ धरला आणि जुन्या बोर्डाचा उलटा करून त्याला चिकटवला. याच्या कानाशी त्याचं तोंड, त्याच्या कानाशी याचं. दोन्ही मुठींनी घट्ट आवळून त्या उभ्या राहिल्या. आत काय बोलणं चाललंय ते त्यांना ऐकू येईना, नुसती कुरकुर तळहाताला जाणवत होती.

बारा वाजले. श्रीधरचा मोबाइल वाजला, साहेब विचारत होते की बोर्ड बंद केला का. श्रीधरनं कौशल्याबाईंच्या हातांकडे पाहिलं आणि अजून पाच मिनिटं लागतील असं सांगून मोबाइल खिशात टाकला.

कुरकुर थांबली तेव्हा त्यांनी रिसीव्हर वेगळे केले. मनोहरराव म्हणाले, दोन पिशव्या दिल्या, मावशी जिन्यावर आहे.

"निघाल्या वं पिशव्या… हो, दोन… मी आहे ना. नाही ठेवत… आली?… नाव वाच तिचं, घाई करू नको… लागली?…"

पहिली पिशवी संपून दुसरी लागेपर्यंत त्यांनी रिसीव्हर कानाचा काढला नाही.

"किती म्हणते बीपी?… वर येऊन राहिलं. बरं… बरं…"

त्या खुर्चीवर बसल्या. ब्लड बँकेचा फोन का लागला नाही म्हणून दामिनी आता रागानं बोलत होती. कौशल्याबाईंनी श्रीधरकडे एकदा पाहिलं.

"नाही दामिनी. रजिस्टरमध्ये कंपनीचं नाव लिहू नको… त्यायले यादी मी देल्ली होती. चुकीची आहे हे मले माहीत होतं… माहीत होतं म्हणते ना. माह्या नावानं लिही… ठेव आता. तुहे दोन्ही हात तिले पाहिजेत."

त्यांनी रिसीव्हर ठेवला. छापील यादी समोर ओढली आणि टोपण काढून पेन श्रीधरच्या हातात दिला.

"बस गा. अजून सहा जागा आहेत अशा. लिहून घे."