पलीकडच्या मचाणावर रेंज येते

लेक: बाबा, ओढू नका, आणखी रुतेल. आधी बुटाची नाडी सोडा, मग पाय काढा.

बाबा: नाडी दिसत असती तर सोडली असती. धर हात. हं… निघाला.

लेक: आणि बूट?

बाबा: बूट राहिला. मोजासुद्धा. राहू दे, त्यांना तरी जरा विश्रांती.

गाईड: काका, काळजी नको, गाडीत गमबूट आहेत. एक तरी बूट चिखलात गेल्याशिवाय आमची सहल पुरी होत नाही.

बाबा: हे जाहिरातीत लिहायला हवं होतं.

गाईड: लिहिलंय की. 'चिखलाचा मनमुराद आनंद.'

बाबा: आनंद तुम्ही घ्या, बाई. मला एक कोरडी सतरंजी दाखवा, मी आडवा होतो.

लेक: बाबा, जरा हसा तरी. सुट्टीवर आलोय आपण.

बाबा: हसतोय. चिखलामुळे दिसत नाही.

गाईड: तुम्ही दोघं मागे बसा. दोर झाडाला बांधलाय, मी गाडी काढते. थोडा वेळ लागेल, आरडाओरडा करायचा नाही. आमच्यात ड्रायव्हरही मीच आणि गाईडही मीच. दोन्ही कामांत बोलणी खायला माझ्याकडे वेळ नाही.

लेक: करा सावकाश, ताई. बाबा, या वर. हा टॉवेल घ्या.

बाबा: फोन लागला का?

लेक: सकाळपासून किती वेळा विचारलंत? इथे रेंज नाही.

बाबा: दुपारची तिची कूस बदलायची वेळ झाली. बदलली असेल का त्यांनी?

लेक: बदलतात, बाबा. शुश्रूषा केंद्र आहे ते. तेच काम आहे त्यांचं.

बाबा: काम करणारे आणि करून टाकणारे, दोन्ही असतात.

लेक: आईला अर्धांगाचा झटका आला त्याला चार वर्षं झाली. चार वर्षांत तुम्ही एक रात्र सलग झोपला नाहीत. तीन दिवस, फक्त तीन दिवस दुसऱ्या कुणी तरी तिचं केलं तर आभाळ कोसळणार नाही.

बाबा: तीन दिवसांसाठी भिंतीवरचं घड्याळ कुणी नेत नाही, ठमे.

लेक: …तुम्ही पाहिलंत?

बाबा: रोज ज्या घड्याळाकडे बघून मी उठतो, ते भिंतीवर नाही म्हटल्यावर दिसणारच. खिळा तेवढा राहिलाय.

लेक: मी सांगणारच होते.

बाबा: कधी? झाडाला लटकवल्यावर?

लेक: बरं. आता ऐका. केंद्रातली ती जागा मी तिच्यासाठी धरून ठेवलीय. कायमची. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं, नाहीतर ते दुसऱ्या कुणाला देणार. तिथे जागा मिळत नाही बाबा, लोक थांबून असतात.

बाबा: मग थांबलेल्यांना मिळू दे. कळव 'नाही' म्हणून.

लेक: एवढं सोपं आहे?

बाबा: सोपंच आहे. माझी बायको, माझं घर. मी अजून चालता-बोलता आहे.

लेक: चालता-बोलता माणूस जेवताना पानावर झोपत नाही.

बाबा: एकदा डुलकी लागली तर तू आयुष्यभर ऐकवणार. तिला विचारलंस का हे?

लेक: घड्याळ घे, असं तीच म्हणाली.

बाबा: तिनं?

लेक: हो.

बाबा: आणि काय म्हणाली?

लेक: "यांना झोप हवी." एवढंच. आणि म्हणाली, यांना अशा ठिकाणी ने जिथे फोन लागत नाही.

बाबा: म्हणजे मायलेकींनी मिळून माझा निकाल लावलाय. मी फक्त चिखलात यायचं.

गाईड: निघाली! निघाली गाडी! बघा, मी म्हटलं नव्हतं? चला, आता तारेला लटकून दरीवरून उडायचं.

बाबा: तुम्ही उडा. मी इथे बूट राखत बसतो.

लेक: एकच उरलाय.

बाबा: एकट्यालाही सोबत लागते.

गाईड: पण काका, मघापासून ऐकतेय मी, तुम्हाला फोन करायचाय ना? पलीकडच्या मचाणावर रेंज येते. या सगळ्या जंगलात तेवढं एकच ठिकाण.

बाबा: चालत जाता येत नाही तिकडे?

गाईड: येतं की. दरी उतरायची, ओढा ओलांडायचा, परत चढायचं. पोचेपर्यंत अंधार.

बाबा: म्हणजे बायकोची खबर घ्यायला मी तारेवर लोंबकळायचं.

गाईड: लग्नात माणसं याहून कठीण गोष्टी करतात.

बाबा: हे मात्र लाख बोललात. चला. आणि ठमे, पलीकडे गेल्या गेल्या मी स्वतः त्यांना 'नाही' सांगणार आहे. मध्ये बोलायचं नाही.

लेक: बरं, सांगा. सावकाश, पायऱ्या ओल्या आहेत. कठड्याला धरा.

बाबा: धरलंय. या पायऱ्या कुणी मोजून बांधल्यात की रागानं?

गाईड: पोचलो, काका. हे मचाण. ही तार. इथे उभे राहा, पट्टा घालते.

बाबा: द्या इकडे, माझा मी लावतो. सवय आहे मला.

गाईड: सवय? कुठे कामाला होतात?

बाबा: घरीच. बायकोला रोज बांधतो.

गाईड: आँ?

लेक: बाबा! ताई, तसं नाही. आईला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायचं यंत्र आहे आमच्याकडे. कापडाची झोळी, तिला चार पट्टे, चार कड्या. आम्ही पाळणा म्हणतो त्याला.

गाईड: देवा. मला वाटलं काय माणूस आणलाय मचाणावर. काका, ती कडी अडकली नाही हं.

बाबा: अडकते. थांबा.

लेक: बाबा, तुमचा हात.

बाबा: काय झालं हाताला?

लेक: थरथरतोय.

बाबा: गारठलाय.

लेक: या उकाड्यात?

बाबा: भिजल्यावर माणूस गारठतो, उकाडा असो नाहीतर काही. बाई, तुम्हीच लावा. तुमच्या कड्या वेगळ्या आहेत.

गाईड: सगळ्या कड्या सारख्याच असतात, काका. हं, लागली. आता जरा थांबा, माझी जाऊ येऊन बघेल. आमच्यात एकानं लावायचं आणि दुसऱ्यानं ओढून बघायचं. एकट्यानं लावलेला पट्टा चालत नाही, मग लावणारा कितीही शहाणा असो.

लेक: जाऊबाई पण इथेच कामाला?

गाईड: हो ना. नवरा पलीकडच्या मचाणावर, जाऊ या मचाणावर. मुद्दाम तिलाच ठेवलंय. माझ्या कामात खोट काढायला ती टपलेलीच असते, त्यामुळे आजवर एक माणूस पडला नाही. बघितलंत? ओढून बघितलं आणि मान हलवली. तोंडानं 'छान' म्हणायची नाही कधी.

बाबा: आमच्याकडेही दोघं असतात. मी लावतो, ती बघते. पडल्या पडल्या सांगते, "अहो, पायाकडची राहिली."

गाईड: मग झालं तर.

बाबा: हं. उजवीकडचं सगळं दिसतं तिला.

लेक: आणि डावीकडचं?

बाबा: ढकला, बाई. रेंज जाईल.

गाईड: रेंज कुठे जात नाही. पाय वर घ्या, दोर घट्ट धरा. चाललात हं… गेले!

लेक: गेले. बाई गं, केवढ्या वेगानं गेले. ताई… ताई, थांबले का ते?

गाईड: थांबले. वजनच नाही काकांना, मधे अडकले. हलकी माणसं अडकतात. आमचे हे निघालेच बघा, हातानं तार ओढत येतील आणि नेतील.

लेक: बाबा! बाबा, काही होत नाही! ऐकू येतंय का? काही होत नाही!

गाईड: हात करतायत बघा काहीतरी.

लेक: मला गप्प बस म्हणतायत.

(पलीकडचं मचाण. थोड्या वेळानं, लेक तार ओलांडून आल्यावर.)

लेक: बसा आधी. पाणी घ्या. फार घाबरलात का?

बाबा: घाबरलो. पण तू कशाला ओरडत होतीस?

लेक: धीर द्यायला.

बाबा: "काही होत नाही"? लटकलं होतं कोण, तू की मी? पाय टेकत नाहीत, हाताला काही लागत नाही, खाली बघवत नाही. आणि काठावर एक जण धडधाकट पायांवर उभं राहून सांगतंय, काही होत नाही. असा संताप आला म्हणून सांगू! त्या बाईंचा नवरा आला ना, तो असलं काही बोलला नाही. "आता धरतो, आता ओढतो, आता पाय टेकतील." एवढंच म्हणत राहिला. तेवढं पुरे झालं.

लेक: चुकलं माझं.

बाबा: तुझं काय चुकलं? मी रोज सकाळ-संध्याकाळ तिला तेच म्हणतो. पाळणा वर जाताना ती डोळे घट्ट मिटते, मी म्हणतो काही होत नाही, आणि ती चिडते. मला वाटायचं, आजारपणानं चिडकी झालीय.

लेक: बाबा, आईला डावीकडचं दिसत नाही ना?

बाबा: अंग गेलं तेव्हाच ती बाजू गेली. ताटातलं डावीकडचं तसंच राहतं तिचं. ताट फिरवून दिलं की जेवते.

लेक: मग डावीकडची कडी कोण बघतं?

बाबा: मी.

लेक: लावता पण तुम्ही आणि बघता पण तुम्ही. या हातांनी.

बाबा: हात चांगले आहेत. सकाळी असतात चांगले.

लेक: कधी राहिली होती का?

बाबा: …राहिली होती एकदा.

लेक: कधी?

बाबा: झाला महिना.

लेक: महिन्याभरापूर्वी तुम्ही न्हाणीघरात घसरलात. कंबर धरली होती.

बाबा: घसरलो वगैरे काही नाही. झोळी एका बाजूनं सुटली आणि मी खाली होतो. ती माझ्यावर पडली. तिला खरचटलंसुद्धा नाही, देवाशपथ.

लेक: बाबा!

बाबा: ओरडू नकोस. दोघं फरशीवर. मला उठता येईना, तिला तर येतच नाही. फोन वर टेबलावर. थोडा वेळ वरच्या पंख्याकडे बघत पडलो. मग ती म्हणाली, "आता खाली आलोच आहोत, तर जरा झोपून घ्या."

लेक: आणि?

बाबा: लागली झोप.

लेक: मला का नाही सांगितलंत?

बाबा: सांगितलं असतं तर काय केलं असतंस? हेच. चार वर्षं तिला मी कुणाच्या हातात दिली नाही. आता दिली, तर मग मी घरी करायचं काय? सकाळी उठून कुणाला उठवायचं? ते सांग मला.

लेक: नाही माहीत मला. खरंच नाही माहीत. पण रोज जाता येतं तिथे. दिवसभर बसता येतं. तुम्हीच भरवा तिला, ताट फिरवून. फक्त उचलायचं त्यांनी.

बाबा: दमलोय गं मी. आज तारेवर कळलं. तो म्हणाला पाय टेकतील, आणि माझं पाय टेकायचंच मन होईना. असंच कुणीतरी नेत राहावं.

लेक: या, टेका माझ्या खांद्याला.

बाबा: चिखल लागेल.

लेक: लागू दे. लावू का फोन? रेंज आलीय.

बाबा: लाव.

लेक: तुम्ही बोलणार होतात ना?

बाबा: तूच बोल. माझा आवाज बसलाय.

लेक: हॅलो? हां, मीच. आवाज तुटतोय जरा… आई कशी आहे? …आत्ता? बरं.

बाबा: काय म्हणतात?

लेक: जेवली. आणि झोपलीय.

बाबा: झोपली? दुपारची?

लेक: मघापासून गाढ झोपलीय म्हणे.

बाबा: ती दुपारी झोपत नाही. मी पडतो तेव्हा ती जागी असते. मला गाढ लागली तर हाक मारायला कुणी हवं ना. चार वर्षांत दुपारची झोपली नाही ती.

लेक: बाबा…

बाबा: उठवू नका म्हणावं.

लेक: हॅलो, तिला उठवू नका हं. …हो. हो, त्यासाठीच फोन केला. …एक मिनिट. बाबा, जागेचं काय ठरलं विचारतायत.

बाबा: पाळण्याला किती जणी असतात ते विचार आधी.

लेक: ते उचलायचं यंत्र आहे ना, ते लावायला किती जणी असतात? …दोघी. बाबा, दोघी असतात.

बाबा: रात्रीसुद्धा?

लेक: रात्रीसुद्धा?… हो, रात्री पण दोघी.

बाबा: हं.

लेक: रेंज जातेय, बाबा. त्या थांबल्यात. काय सांगू?

बाबा: सांग, एकीनं डावीकडे उभं राहायचं.