आबांची सीट

माझ्या मोटारीचा विषय काढलातच, तर तिच्या स्प्रिंगांचं ऐका.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पावसानं दुसऱ्या वर्षीही तोंड फिरवलं होतं. मी शिकून गावी परतलो, तेव्हा आबांची जुनी दोन सीटांची स्पोर्ट्स कार चारही स्प्रिंगा दबून गोठ्यात बसली होती. आबांना एकदाच तिच्यातून जाऊन नवं कलेक्टर ऑफिस बघायचं होतं.

नांदेडला गॅरेज टाकलेल्या वऱ्हाडी रशीद मिस्त्रींनी विचारलं, "वजन किती न्यायचं?"

"मी आणि आबा. मूळच्यासारख्याच मऊ स्प्रिंगा द्या."

"साहेब, जीप असो की टेम्पो, सगळे कडकच टाकून राहिले. पाणी आणावं लागून राहिलं ना."

"ही स्पोर्ट्स कार आहे, टँकर नाही. आणि आता आपला जिल्हा झालाय, नळ येतीलच."

"हाव, येतील की," म्हणत त्यांनी मऊ बसवल्या.

लातूरला निघायच्या आदल्या दिवशी गावची विहीर आटली. आबांची सीट काढून मी तिथं पिंप ठेवलं आणि तीन कोसांवरून पाणी घेऊन निघालो. वाटेत एका खड्ड्यात गाडी खाली टेकली, स्प्रिंग मोडली, पिंप कलंडलं. पाणी मातीत जिरेपर्यंत मी नुसता उभा होतो.

रशीद मिस्त्री हसले नाहीत. "आता बोला, वजन किती?"

"मी आणि एक पिंप."

"अन् आबा?"

"त्यांची सीट अंगणात ठेवलीय. तिच्यावरच बसतात."